पाव, पाऊण, सव्वा आणि पावणेदोन

अब्बांचं किराणा दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या पावसाळ्याआधी माळा आवरताना त्यांच्या उधारीच्या तीन वह्या हाती लागल्या. मी त्या रद्दीत घालणारच होतो. तेवढ्यात बहिणीची मुलगी आली. ती गणितात एम.एस्सी. करते. तिनं एक वही उघडली आणि विचारलं, "मामू, आकड्यांपुढे या उभ्या दांड्या कसल्या?"

तिच्या पिढीला हे ठाऊक असायचं कारण नाही. एक दांडी म्हणजे पाव. दोन दांड्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. एकाच्या पुढे एक दांडी काढली की सव्वा झाला, तीन काढल्या की पावणेदोन. अब्बा जेमतेम चौथी शिकलेले, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. १९५७ साली नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, तरी अब्बांचं डोकं शेवटपर्यंत आण्यांतच चालायचं.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "मामू, म्हणजे ज्या अपूर्णांकांची उंची कमी, त्यांनाच आपल्या भाषेनं नावं दिलीत."

अपूर्णांकाला उंची? मी बी.ए. झालेला माणूस. गणित सुटावं म्हणूनच कला शाखेकडे गेलो आणि कवितेत रमलो. पण 'उंची' हा शब्द कानात राहिला. पुढचे चार रविवार ती शिकवत गेली आणि मी पेन्सिल घेऊन पाठकोऱ्या कागदांवर गिरवत गेलो. त्यातलं जे मला कळलं, तेवढंच आज सांगतो. पाटी-पेन्सिलीपलीकडे काही लागणार नाही.

आधी उंची म्हणजे काय ते पाहू. कोणताही अपूर्णांक घ्या, अंश-छेदांतलं जे छाटता येईल ते छाटून टाका. मग वजाचं चिन्ह असेल तर ते विसरा आणि अंश व छेद यांत जी मोठी संख्या असेल, ती त्या अपूर्णांकाची उंची. पाव म्हणजे १/४, त्याची उंची ४. पाऊणचीही ४. सव्वा म्हणजे ५/४, उंची ५. पावणेदोन म्हणजे ७/४, उंची ७. दीड ३/२, उंची फक्त ३.

आता ९९९/१००० घ्या. ही संख्या एकाला अगदी खेटून बसली आहे. पण एकाची उंची १ आणि हिची १०००. म्हणजे उंचीचा आणि संख्या किती मोठी आहे याचा फारसा संबंध नाही. उंची सांगते ती संख्या लिहायला किती जागा लागेल, उच्चारायला किती श्वास लागेल ते.

या मोजमापाचा एक मोठा गुण आहे. शून्य आणि एक यांच्या दरम्यान अपूर्णांक अगणित आहेत. कितीही मोजले तरी संपत नाहीत. पण उंचीची मर्यादा घातली की ते मोजके होतात. उंची १० किंवा त्याहून कमी असलेले अपूर्णांक किती? शून्य आणि उणे संख्या धरून बरोबर १२७. शंभराची मर्यादा घाला, लाखाची घाला, यादी लांबेल, पण संपेल. पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया एवढाच आहे.

आता एक नियम घेऊ आणि तो पुन्हा पुन्हा लावू. एक संख्या घ्या. दोनाला तिनं भागा. आलेलं उत्तर आणि मूळ संख्या यांची सरासरी काढा. ही झाली नवी संख्या. तिलाही तोच नियम लावा. असं करत गेल्यावर संख्यांची जी रांग तयार होते, तिला गणितात त्या संख्येची 'कक्षा' म्हणतात. ग्रहाची असते तशीच.

एकापासून निघू. पहिल्या पायरीला येतो दीड. दुसऱ्या पायरीला १७/१२. तिसऱ्या पायरीला ५७७/४०८. चौथ्या पायरीला ६६५८५७/४७०८३२. दोनाचं वर्गमूळ काढण्याची ही रीत अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावानं ओळखली जाते. पण यातला ५७७/४०८ आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. चौरसाच्या कर्णाचं माप देताना तिथे सांगितलं आहे की बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा, त्या हिश्शाचा चौथा भाग मिळवा आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा हिस्सा वजा करा. बेरीज-वजाबाकी केली की नेमका ५७७/४०८ येतो. पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्तानं ब्राह्मस्फुटसिद्धान्तात संख्यांच्या दोन जोड्यांपासून तिसरी जोडी करण्याची रीत दिली. ३ आणि २ ही जोडी तिच्याशीच जुळवली की १७ आणि १२ येतात, ती पुन्हा स्वतःशीच जुळवली की ५७७ आणि ४०८. या रीतीचं नाव आहे 'भावना'. कवितेवर बोलताना हा शब्द मी हजारदा वापरला असेन. तो गणितातही आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आता या रांगेकडे दोन नजरांनी पाहा. संख्येची जागा पाहिली तर ती जवळजवळ हलतच नाही. चौथ्या पायरीला आलेली संख्या आणि दोनाचं वर्गमूळ, दोन्ही दशांशचिन्हानंतर अकरा घरांपर्यंत सारखी आहेत. पण उंची पाहिली तर? १, ३, १७, ५७७, ६६५८५७. पाचव्या पायरीला अंशही बारा अंकी, छेदही बारा अंकी. दर पायरीला अंकांची संख्या साधारण दुप्पट होत जाते.

रेडिओवर बोलणाऱ्यासमोर घड्याळ असतं, म्हणून हा हिशोब मी वेळात केला. सेकंदाला दोन अंक या वेगानं वाचत गेलो, तर दहाव्या पायरीचा अपूर्णांक, म्हणजे ३९२ अंकी अंश आणि ३९२ अंकी छेद, वाचायला साडेसहा मिनिटं लागतील. अकराव्याला तेरा मिनिटं. बाराव्याला सव्वीस, म्हणजे कार्यक्रम संपला तरी माझा छेद संपायचा नाही. विसाव्या पायरीला न थांबता साडेचार दिवसांहून जास्त. आणि तेहतिसाव्या पायरीला शंभर वर्षांहून अधिक. जन्मल्याबरोबर वाचायला बसलं तरी एक अपूर्णांक एका आयुष्यात वाचून व्हायचा नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर केसभरही न हलणाऱ्या एका जागेसाठी.

मी भाचीला विचारलं, "सगळ्याच संख्यांचं असं होतं का? कोणी फिरून घरी येतच नाही?"

ती म्हणाली, "नानांच्या वहीतलंच उदाहरण देते." तिनं दुसरा नियम सांगितला. संख्येचा वर्ग करायचा आणि त्यातून २९/१६ वजा करायचे. सोळावा हिस्सा म्हणजे एक आणा. तेव्हा नियम असा झाला: वर्ग करा आणि एकोणतीस आणे, म्हणजे एक रुपया तेरा आणे, वजा करा.

उणे पावापासून निघू. पावाचा वर्ग सोळावा हिस्सा, म्हणजे एक आणा. त्यातून एकोणतीस आणे गेले, उरले उणे अठ्ठावीस आणे. म्हणजे उणे पावणेदोन. आता पावणेदोनचा वर्ग: सात साते एकोणपन्नास, एकोणपन्नास आणे. त्यातून एकोणतीस गेले, राहिले वीस आणे, म्हणजे सव्वा. सव्वाचा वर्ग पंचवीस आणे. त्यातून एकोणतीस वजा, उणे चार आणे. म्हणजे पुन्हा उणे पाव! जिथून निघालो तिथेच आलो. उणे पाव, उणे पावणेदोन, सव्वा, परत उणे पाव. हे चक्र कायम चालत राहणार. अब्बा असते तर त्यांनी हे बोटांवर केलं असतं.

पाऊण घेतला तर? नऊ आण्यांतून एकोणतीस आणे गेले, उणे वीस आणे, म्हणजे उणे सव्वा. तिथून उणे पाव. म्हणजे पाऊणही त्याच चक्रात येऊन पडला.

आता अर्धा घेऊ. अर्ध्याचा वर्ग चार आणे. त्यातून एकोणतीस वजा, उणे पंचवीस आणे, म्हणजे −२५/१६. पुढची संख्या १६१/२५६. तिच्यापुढची −९२८६३/६५५३६. पुढच्या पायरीचा छेद दहा अंकी, त्याच्या पुढचा वीस अंकी. अर्ध्याची ही रांगसुद्धा वजा दोन आणि दोन यांच्या मधेच फिरते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण त्याच गल्लीत. पाव राहतो त्याच गल्लीत. लांबून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसणार नाही. अर्धाही आज ना उद्या फिरून आपल्या दारात येईल, असंच कुणालाही वाटेल.

पण तो येणार नाही. हजार पायऱ्या चालवून पाहायची गरज नाही. हे आजच, खात्रीनं सांगता येतं. कारण प्रत्येक पायरीला छेद २ चा घात असतो आणि अंश विषम. विषम अंशातून आणि २ च्या घातातून छाटायला काही मिळतच नाही. त्यामुळे छेद दर खेपेला वाढत जातो, कधीच कमी होत नाही. परतीची वाट जागेमुळे बंद होत नाही, उंचीमुळे बंद होते.

हीच तपासणी इतरांना लावली की गंमत कळते. तिसरा हिस्सा घेतला तर छेदातला ३ दर पायरीला दुप्पट वेळा येत राहतो, तो सुटत नाही. खुद्द शून्य आणि एक यांचीही सुटका नाही. पहिल्याच पायरीला त्यांच्या छेदात १६ येतो, मग २५६, मग ६५५३६. टिकाव फक्त त्यांचाच, ज्यांचा छेद नेमका ४ आहे. आणि जागा दोनाच्या आत हवी, कारण दोन किंवा त्याहून मोठी संख्या वर्गासरशी फुगत निघून जाते. छेद ४, अंश विषम आणि दोनाच्या आत, अशा संख्या किती? पाव, पाऊण, सव्वा, पावणेदोन, आणि यांच्याच उणे बहिणी. एकूण आठ. आठही त्या चक्रात आहेत किंवा चक्रात येऊन पडतात. बाकीचे अगणित अपूर्णांक, एकजात सगळे, एकदा गेले की गेले.

अब्बांच्या दांड्यांनी लिहिता येणाऱ्या संख्याच नेमक्या निघाव्यात, हा योगायोग आहे. नियमात २९/१६ घेतले म्हणून तसं झालं. पण त्यामागचं तत्त्व योगायोगाचं नाही. संख्येचं नाव छोटं असलं म्हणजे ती परत येईलच असं नाही. एकाचं उदाहरण पाहिलंच. पण परत येणाऱ्या संख्येचं नाव छोटं असावंच लागतं.

डग्लस नॉर्थकॉट या इंग्रज गणितज्ञानं १९५० साली हे तत्त्व सर्वसाधारण रूपात मांडलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढ्यांतूनच केलेला, पण ज्यात निदान वर्ग तरी येतो, असा कोणताही नियम घ्या. वर्गाचा नियम असेल तर एका पायरीत अंकांची संख्या साधारण दुप्पट होते, घनाचा असेल तर तिप्पट. 'साधारण' म्हणण्याचं कारण, अंश-छेदांत थोडी छाटाछाट होते. पण त्या छाटाछाटीला मर्यादा आहे. वर्गमुळाच्या आपल्या नियमात अंश-छेदांतून फार तर एक २ निघतो, त्याहून जास्त काही निघूच शकत नाही. म्हणजे एका बाजूला दर पायरीला दुप्पट, आणि दुसऱ्या बाजूला ठरलेली, न वाढणारी तूट. उंची एकदा एका उंबरठ्यापलीकडे गेली की ती तूट भरून उरते, आणि मग संख्या वरच चढत राहते, खाली येत नाही. तेव्हा परत येणाऱ्या सगळ्या संख्या उंबरठ्याच्या आतल्याच. आणि आतली यादी मोजकी, हे आपण आधीच पाहिलं. म्हणून कोणताही असा नियम घ्या, त्याच्या चक्रात सापडणारे अपूर्णांक मोजकेच असतात.

या युक्तीचा वंश जुना आहे. सतराव्या शतकात फर्मा नावाच्या फ्रेंच न्यायाधीशानं हीच गोष्ट उलट्या दिशेनं वापरली. एखाद्या समीकरणाला पूर्णांकांत उत्तर आहे असं माना. त्यावरून त्याहून लहान उत्तर काढून दाखवा, त्यावरून आणखी लहान. पण पूर्णांक काही अखंड उतरत जाऊ शकत नाहीत, कुठेतरी जमीन लागतेच. तेव्हा मुळातच उत्तर नव्हतं. १९२२ मध्ये मॉर्डेल यांनी आणि १९२८ च्या आपल्या प्रबंधात आंद्रे वेय यांनी या उतरणीचा मोठा विस्तार केला. हे वेय त्यानंतर आपल्या देशात आले. १९३० ते १९३२ या काळात, वयाच्या पंचविशीच्या आसपास, ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. संस्कृतही जाणत. पुढे संख्याशास्त्राचा इतिहास लिहिताना त्यांनी ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या रीतींची आवर्जून दखल घेतली.

राहिली एक शेवटची सुधारणा. 'साधारण दुप्पट' यातला 'साधारण' गणितज्ञांना खुपत होता. नेरॉन आणि टेट यांनी १९६० च्या दशकात एका खास प्रकारच्या वक्रांसाठी त्यावर उपाय काढला आणि १९९३ मध्ये कॉल व सिल्व्हरमन यांनी तो अशा नियमांसाठी सर्वसाधारण केला. उपाय सोपा आहे. पायरीला उंची जितक्या पटीनं वाढते, तितक्यानं भागत जायचं. आपल्या अर्ध्याच्या रांगेत छेद कसे आले? २ चा चौथा घात, आठवा, सोळावा, बत्तिसावा. या घातांना पायरीनुसार २, ४, ८, १६ नं भागा. उत्तर दर वेळी २. ही अर्ध्याची खरी चाल. पावाच्या रांगेत मात्र उंची सातापलीकडे जातच नाही, म्हणून भागत गेलं की उत्तर शून्याकडे जातं. ज्याची ही चाल शून्य, तो परत येणारा किंवा चक्रात पडणारा. ज्याची शून्य नाही, तो कायमचा गेलेला. दोघांच्या मधलं काही नाही.

इतकं सगळं कळल्यावर वाटतं, आता काय उरलं? पण साधा दिसणारा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. 'वर्ग करा आणि एक ठरलेला अपूर्णांक मिळवा किंवा वजा करा' अशा नियमांत आपण तीन पायऱ्यांचं चक्र पाहिलं. चार पायऱ्यांचं असू शकतं का? नाही, हे मॉर्टन यांनी १९९८ मध्ये सिद्ध केलं. पाचाचंही नाही, हे फ्लिन, पूनेन आणि शेफर यांनी १९९७ मध्ये दाखवलं. सहाचंही नाही, असं श्टोल यांनी २००८ मध्ये दाखवलं, पण त्यासाठी त्यांना दुसऱ्या एका सिद्ध न झालेल्या अनुमानाचा आधार घ्यावा लागला. तीनापेक्षा मोठं चक्र अपूर्णांकांत नाहीच, असा तज्ज्ञांचा कयास आहे. सिद्धता आजवर कुणाला मिळालेली नाही. आणि तो कयास खरा असेल, तर अशा कोणत्याही नियमात चक्रात सापडणारे अपूर्णांक जास्तीत जास्त आठ असतील, हे पूनेन यांनी १९९८ मध्ये दाखवून ठेवलं आहे. आठ म्हणजे आपल्या एक रुपया तेरा आण्यांच्या नियमात आहेत तेवढेच. यापेक्षा मोठं कुटुंब जगात नसावं.

एखादी गोष्ट फिरून येईल की नाही, हे माणसाला वाट पाहूनच कळतं, असं मी समजत होतो. कवितेतही आम्ही तेच करतो. दाराकडे डोळे लावून बसतो. वाट न पाहता, एका कागदावर, 'ही संख्या आता कधीच परत येणार नाही' असं खात्रीनं म्हणता येतं, हे मला या चार रविवारांत प्रथमच कळलं. आणि त्यासाठी संख्येनं किती मजल मारली ते पाहायचं नसतं, ती आपल्याबरोबर किती ओझं घेऊन निघाली ते पाहायचं असतं.

वह्या रद्दीत गेल्या नाहीत. एक भाची घेऊन गेली, तिच्या मैत्रिणींना दांड्या दाखवायला. दोन माझ्या कपाटात आहेत. त्यांत कितीतरी खात्यांवर आडवी रेघ मारलेली आहे. हिशोब मिटला की अब्बा तशी रेघ मारत. काही खाती मात्र तशीच राहिली आहेत. ती माणसं परत आली नाहीत, आणि अब्बांनी त्यांची नावं खोडली नाहीत.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)